‘चाचा, तुम्ही बसा’ म्हणून भागत नाही

बारामती एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या वयाच्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला विचारा, तुमच्या लाइनवर सगळ्यात वयस्कर माणूस कोण? उत्तर लगेच येतं. चाचा, मामा, तात्या, काही ना काही नाव असतंच. मग विचारा, गेल्या वर्षभरात कंपनीने त्यांना नवीन काय शिकवलं? इथे बहुतेक जण हसतात. त्यांना काय शिकवायचं, त्यांची दोन वर्षं राहिलीत!

या हसण्याबद्दल मला लिहायचं आहे.

मी इंदापूरची. सहा वर्षं बारामतीत एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण नोकरी टिकवायची आहे, आणि सांगणार आहे ते एकाच कारखान्यापुरतं नाही. बारामतीला आज पियाजिओ आहे, भारत फोर्ज आहे, फेरेरोची चॉकलेटं आहेत, श्रायबर डायनामिक्सची डेअरी आहे, टेक्स्टाइल पार्क आहे आणि या सगळ्यांना माल पुरवणारे कितीतरी लहान कारखाने आहेत. भवानीनगर, निमगाव केतकी, लासुर्णे, भिगवण अशा गावांतून रोज सकाळी पोरं-पोरी तिथे येतात. त्यात आपलीही पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार आणणारं हे पहिलंच माणूस आहे.

हे ‘पहिलंच’ महत्त्वाचं आहे. सच्चर समितीने २००६ साली देशभराचं चित्र मांडलं तेव्हा त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: नियमित पगाराच्या नोकरीत मुसलमानांचा वाटा कमी आणि स्वतःच्या धंद्यात जास्त. आपल्याला त्यासाठी अहवाल वाचायची गरज नाही, आडनावं वाचली तरी पुरे. तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, मणियार, पिंजारी, खाटीक. या घरांत निवृत्ती हा शब्दच नव्हता. माझे अब्बा शिलाईकाम करतात. त्रेसष्ट वर्षांचे आहेत. सुईत दोरा आता माझा चुलतभाऊ ओवून देतो, काजं तोच करतो, पण शेरवानीचं कापड कापायचं असलं की कात्री अब्बांच्याच हातात. कुणी बसून ठरवलं नाही, कामाची वाटणी आपोआप होत गेली. नजर गेली तशी सुई गेली, पण अंदाज राहिला म्हणून कात्री राहिली.

कारखान्यात अशी आपोआप वाटणी होत नाही. तिथे प्रत्येक कामाला सेकंद लावलेले असतात आणि पंचविशीतल्या माणसाला जितके सेकंद, तितकेच सत्तावन्नच्या माणसाला. त्यामुळे दुकानात जे घरच्या घरी होऊन जातं ते कारखान्यात मुद्दाम करावं लागतं. आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आपण इज्जत द्यायला कमी करत नाही. सलाम करतो, चहा आधी त्यांना देतो, जड डाय उचलायची वेळ आली की ‘चाचा, तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणतो. मन चांगलंच असतं. पण कारखान्यात बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय. आधी त्याला अवघड काम सांगणं बंद होतं. मग नवीन मशीन आल्यावर ट्रेनिंगच्या यादीत त्याचं नाव नसतं. मग त्याला स्टोअरला बसवतात, नट-बोल्टच्या रॅकपाशी. आणि मग कधीतरी स्वेच्छानिवृत्तीची यादी निघते, तेव्हा कुणीतरी म्हणतं, ते तसेही काही करत नाहीत. खरं म्हणजे ते करत नाहीत असं नसतं, त्यांच्याकडून करून घेणं आपण थांबवलेलं असतं.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे टूलरूममध्ये एक फिटर आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, हिंदू पोरंसुद्धा. दोन वर्षांपूर्वी रोजची तपासणी कागदावरून टॅबवर गेली. टॅबवर सगळं इंग्रजी, अक्षरं बारीक, आणि दोन मिनिटं हात लागला नाही की पडदा बंद होऊन पुन्हा पासवर्ड. चाचा एका ट्रेनी मुलाकडून ते भरून घ्यायला लागले. वर्षअखेर त्यांच्या मूल्यमापनात शेरा आला: नवीन पद्धतीशी जुळवून घेत नाहीत. मी ते आकडे रोज बघत होते. ट्रेनीने भरलेले आकडे सलग कितीतरी दिवस एकसारखे होते. डायचं माप महिनाभर रेषभरही हललं नाही, असं कधी होतं का? तो पोरगा चोर नव्हता, त्याला त्या आकड्याचा अर्थच कुणी सांगितला नव्हता. आम्ही आयटीवाल्याच्या मागे लागून पडदा मराठीत करून घेतला, अक्षरं मोठी केली, बंद व्हायची वेळ वाढवली. पैसा असा खर्च झालाच नाही. पंधरा दिवसांत चाचा स्वतः भरायला लागले आणि आकडे हलायला लागले. म्हणजे खरे आकडे यायला लागले.

मूल्यमापनातला तो शेरा मात्र अजून तसाच आहे.

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. किती सरळ शब्द आहे! चाळिशी आली की जवळचं दिसेनासं होतं, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलेलं आहे, पण कारखान्यांना अजून कळलेलं नाही. आसाममध्ये चहाच्या मळ्यांत २०१७ साली एक प्रयोग झाला. चाळिशी ओलांडलेले ७५१ मजूर घेतले, निम्म्यांना जवळचं दिसायचा साधा चष्मा दिला, निम्म्यांना त्या वेळी दिला नाही. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटापेक्षा जवळपास २२ टक्क्यांनी जास्त भरली. पन्नाशीपुढच्यांत फरक आणखी मोठा होता. पानं तोडणं हे तसं ढोबळ काम. शिलाईच्या लाइनवर, गेजवर माप वाचताना, वायरिंग जोडताना काय होत असेल त्याचा अंदाज करा. आपल्याकडे शिलाईच्या लाइनवर बसणाऱ्या बाया आहेत, पंचेचाळीस-पन्नासच्या, ‘स्पीड कमी झाला’ म्हणून ज्यांना ओरडा बसतो. त्यांतल्या कितींनी कधी डोळे तपासलेत? कित्येक जणी चष्मा असूनही लावत नाहीत, म्हातारी झाली म्हणतील या भीतीने.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं, बीएमडब्ल्यूचं. २००७ साली डिंगोल्फिंगच्या कारखान्यात त्यांनी एका लाइनवर मुद्दाम वयस्कर माणसं जास्त ठेवली, सरासरी वय ४७. दहा वर्षांनी आपले कामगार याच वयाचे होणार आहेत, तर आजच बघू, असा विचार. मग त्या ४२ कामगारांनाच विचारलं की काय दुखतं, काय अडतं. साधारण ७० छोटे बदल झाले: पायाखाली लाकडी फळ्या, मध्ये टेकायला खुर्ची, भिंग, पडद्यावर मोठी अक्षरं, कामांची अदलाबदल. सगळा खर्च ४०,००० युरोच्या आसपास, म्हणजे बीएमडब्ल्यूसारख्या कंपनीला चिल्लर. वर्षभरात लाइनची उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. मला यात भावलं ते हे की ‘ज्येष्ठांचा सन्मान’ वगैरे बॅनर तिथे लागला नव्हता. त्यांनी माणसांना विचारलं आणि फळ्या टाकल्या.

आता कुणी म्हणेल, हे जर्मनीचं झालं. मग आपल्याच तालुक्यातलं घेऊ. वालचंदनगर इंदापूर तालुक्यात आहे. चांद्रयान-३ जुलै २०२३ मध्ये उडालं, त्या प्रक्षेपकाच्या बूस्टरचे भाग आपल्या या गावात तयार झालेले आहेत. इस्रोसाठीचं हे काम तिथे कित्येक दशकं चालू आहे. अशा कामात वेल्डिंगच्या एका टाक्याला किती अर्थ असतो ते सांगायला नको. असा वेल्डर आयटीआयच्या एका वर्षात तयार होत नाही, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून तयार होतो. साखर कारखान्यातही तेच. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, इतके कारखाने आपल्या दोन तालुक्यांत. तिथल्या पॅनवरचा जुना माणूस काचेवर नमुना घेऊन दिव्यासमोर धरतो, बोटांत चोळून बघतो आणि दाणा तयार झाला की नाही ते सांगतो. आता मीटर आलेत, यायलाच हवेत. पण मीटर चुकतो तेव्हा तो चुकतोय हे ओळखणारं माणूस पॅनजवळ लागतं. ऊसशेतीत एआय आणल्याचं बारामतीचं नाव जगभर झालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण मशीनला शिकवायलासुद्धा आधी कुणाला तरी येत असावं लागतं.

एवढं लिहिल्यावर आपल्यातले काही जण भडकतील, आणि त्यांचं भडकणं मला खोटं वाटत नाही. ‘चाचांचा पगार माझ्या तिप्पट आहे. ते कायम आहेत, मी कंत्राटी. काम मी जास्त करतो. त्यांच्यासाठी मी का बोलू?’

हा हिशेब नीट करू या. कायम कामगार महाग पडतो म्हणून कंपनीला तो लवकर गेलेला हवा असतो. तो गेल्यावर त्याची जागा तुम्हाला मिळते का? माझ्या सहा वर्षांत आमच्या विभागातून गेलेल्या एकाही कायम माणसाच्या जागी कायम माणूस आला नाही. जागाच मिटते. तिथे ट्रेनी येतो, त्याची मुदत संपली की दुसरा ट्रेनी. सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली, त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. सहा महिन्यांची योजना, पुढे मुदत वाढवली, पण शेवटी नोकरीची हमी नाहीच. तेव्हा तुमच्या आठ हजारांचं कारण चाचांचा पगार नाही. उलट त्या कामाचा एवढा पगार असू शकतो, याचा लाइनवर उरलेला शेवटचा पुरावा म्हणजे चाचा. ते गेले की तुम्ही तुलना कुणाशी करणार?

दुसरी तक्रार जास्त टोचणारी आहे: जुनी माणसं शिकवत नाहीत. हेही खरं आहे. आमच्याकडे एक मामा सेटिंगचे आकडे स्वतःच्या डायरीत लिहायचे, डायरी डब्याच्या पिशवीत, आणि पिशवी कुलपात. आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये तरी काय वेगळं असतं? उस्ताद दोन वर्षं पाने धुवायला लावतो, इंजिनला हात लावू देत नाही. त्यात थोडा अहंकार असतो, थोडा ‘आम्हीही असंच शिकलो’चा सूड असतो, आणि शिवीगाळसुद्धा असते. ती सहन करायची असं मी मुळीच म्हणत नाही. वय झालं म्हणून कुणाला ट्रेनी मुलीशी वाट्टेल तसं बोलायची सूट नाही. पण डायरीला कुलूप का लागतं हेही बघा. ज्या माणसाला माहीत आहे की पोरगं शिकलं की दुसऱ्या दिवशी आपल्याला स्टोअरला बसवणार, तो का शिकवेल? कंपन्या शेवटच्या सहा महिन्यांत ‘तुमचं ज्ञान द्या’ म्हणतात. आधी नोकरी राहील अशी हमी द्या, मग ज्ञान मागा. शिकवायचे तास कामाच्या तासांत धरा, उत्पादनाचं टार्गेट तेवढं कमी करा, आणि निवृत्तीआधीची निदान दोन वर्षं नवा माणूस त्यांच्या जोडीला कायम म्हणून द्या. कायम म्हणूनच, कारण उद्या निघून जाणाऱ्याला शिकवण्यात कुणाचाच जीव लागत नाही.

निवृत्तीच्या वयाबद्दल बराच गोंधळ आहे, म्हणून दोन शब्द. ५८ हे कर्मचारी पेन्शन योजनेतलं पेन्शन सुरू व्हायचं वय आहे. नोकरी सोडायचं वय कंपनीच्या स्थायी आदेशात किंवा युनियनच्या करारात लिहिलेलं असतं, आणि ते ६० असू शकतं. तो कागद मागून वाचा, घरच्या मोठ्यांसाठीही. नोकरी चालू राहिली आणि पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकललं तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के वाढ मिळते. पेन्शनची रक्कम मात्र ऐकून घ्या. हिशेब २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरून होतो, म्हणून जादा पगारावरच्या पेन्शनचा पर्याय न घेतलेल्या माणसाने तीस वर्षं घासली तरी महिन्याला सात हजारांच्या आतच. किमान पेन्शन १,००० रुपये, तेही २०१४ मध्येच ठरलेलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तेवढंच. आपल्या राज्याची श्रावणबाळ योजना ६५ वर्षांपुढच्या गरीब वृद्धाला १,५०० देते. म्हणजे पगारातून वर्गणी कापली गेलेल्या कामगाराला कधीकधी त्याहून कमी! म्हणून तर निवृत्त फिटर पुन्हा त्याच गेटवर ठेकेदाराचा कामगार म्हणून दिसतो. मशीन तेच, हात तेच, पगार निम्मा.

नवीन श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांच्याबद्दल वाद बरेच आहेत आणि काही तरतुदी मलाही कामगाराच्या विरोधातल्या वाटतात. पण त्यात चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे. ती मागून घ्यायला काय हरकत आहे? तपासणीत डोळे आणि कान आहेत का ते बघा, नाहीतर वजन, रक्तदाब लिहून गाडी निघून जाते. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी, हीही त्याच संहितांतली गोष्ट, आणि ती तर थेट आपल्या उपयोगाची. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालता येतात. जुने आणि नवे एकाच कागदावर सही करतात तेव्हा एचआरची भाषा बदलते, हे मी स्वतः अनुभवलंय.

रात्रपाळीचंही बोलायला हवं. पन्नाशीनंतर रात्रपाळी अंगाला लागते, साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ चुकते. आमच्या लाइनवर रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मशीनवर उभं राहायला हेच मामा-तात्या पुढे येतात, कुणी न सांगता. मग त्यांच्या रात्रपाळ्या आपण वाटून घ्याव्यात, हे ओघाने आलंच. पण अशी वाटणी मैत्रीखात्यात राहिली की सुपरवायझर बदलल्यावर मोडते. ती पाळीच्या तक्त्यात लिहून घ्या. आणि रात्रपाळीचा भत्ता बुडेल म्हणून काही जण स्वतःच नको म्हणतील, तेव्हा ज्याचं त्याला विचारल्याशिवाय भलं करायला जाऊ नका. मुलीचं लग्न तोंडावर असलेल्या माणसाला भत्ता हवा असतो.

आणि घरचे? ज्यांना ना एचआर आहे ना पाळी, त्या आपल्या अब्बांचं, मामूंचं काय? तिथे उत्तर सोपं नाही. अटल पेन्शन योजनेत वयाच्या १८ ते ४० मध्येच शिरता येतं, म्हणजे ती त्यांची गाडी चुकलेली आहे. तुमची चुकलेली नाही, तेवढं लक्षात ठेवा. श्रावणबाळसाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, तहसील कार्यालयाच्या चकरा, हे आपणच करायचं आहे. त्यांच्याच्याने होत नाही आणि ‘सरकारचे पैसे कशाला’ म्हणून ते मागतही नाहीत. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, लावून बघा. साठीपुढे पुन्हा काम शोधणाऱ्यांसाठी सेक्रेड नावाचं पोर्टलही २०२१ पासून आहे, पण नोंदणी करायला त्यांना तुमचाच मोबाइल लागणार.

सध्या आमच्या कारखान्यात बाकीच्या तीन लाइनींचे पडदे मराठीत करावेत, गेजपाशी दिवे आणि भिंग लावावेत आणि चाळिशीपुढच्या सगळ्यांचे डोळे तपासावेत असा एक अर्ज गेला आहे. त्यावर सगळ्यात आधी सह्या केल्या त्या ट्रेनींनी. त्या कुलूपवाल्या मामांनी तीन दिवस लावले, मग चष्मा काढून कागद लांब धरून पूर्ण वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि सही केली. एचआरने एप्रिलमध्ये बघू म्हटलंय. एप्रिलमध्ये आम्ही विचारायला जाऊ, आणि या वेळी चाचांनाही सोबत नेऊ. बोलायचं त्यांनीच आहे, आम्ही फक्त दार उघडून आत जाणार.